शेवटच्या बुडीनंतरचे विमान

दिवाकर साडेपाचला उठत. आधी दूध तापत ठेवायचे, मग टाकीत पाणी चढवायची मोटर सुरू करायची आणि मग जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचे, हा क्रम ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासूनचा होता. त्या फेब्रुवारीत त्यात बदल झाला तो एवढाच, की पूर्वी ते धरणांतल्या पाणीसाठ्याचे आकडे पाहत आणि आता विमानांची भाडी पाहू लागले होते. भाडे पहाटे उतरते, असा त्यांचा सिद्धांत होता. आपण रोज येतो हे त्या वेबसाइटला कळू नये म्हणून ते आधी लॅपटॉपमधली सगळी हिस्टरी पुसत. एकदा तर शेजारच्या मगदुमांच्या वायफायवर भाडे वेगळे दिसते का ते पाहायला लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसले होते. अलीकडे त्यांनी टेबलाशी आपली नेहमीची खुर्ची सोडून समोरची धरली होती. तिथे उजेड चांगला पडतो, असे त्यांचे म्हणणे.

मी केस बांधत बाहेर येईपर्यंत दूध उतू गेलेले असे. शेगडी पुसता पुसता मला दिवसाचा पहिला मार्ग ऐकावा लागे.

“मृणाल, ऐक. मुंबई, आदिस अबाबा, साओ पाउलो, लिमा, ग्वायाकिल. तिथून बेटावर.”

“साओ पाउलोला किती थांबायचं?”

“आहे थोडा वेळ.”

“अहो, किती?”

“एकोणीस तास. पण विमानतळ चांगला आहे म्हणतात. बाकांना मधे हात नाहीत. आडवं होता येतं.”

बाकांना मधे हात नसणे हा साओ पाउलोचा गुण त्यांनी कुठून शोधून काढला होता कोण जाणे. मी फडके पिळले आणि म्हणाले, “चोपन्न वर्षांची बाई मी, बाकावर झोपू?”

“मग हा बघ दुसरा. यात बाक नाही. यात लिमाला सामान आपण उतरवून घ्यायचं आणि आपणच पुन्हा चढवायचं.”

“आणि तिसऱ्यात विमान आपणच चालवायचं का?”

ते हसले नाहीत. मान थोडी वळवून “काय?” म्हणाले, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटले तेव्हा त्यातला सगळा जोर निघून गेला होता.

हे तीन महिने चालले होते.

आम्ही दोघे पाण्याखाली उतरायला शिकलो ते माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तारकर्लीला. कल्पना दिवाकरांची. मला तेव्हा पोहताही येत नव्हते. त्यांनी मला वर्षभर तलावावर नेले, काठावर उभे राहून सूचना दिल्या, आणि मी पहिल्यांदा समुद्राच्या तळाशी गुडघे टेकले तेव्हा माझ्या दंडाला धरून ते शेजारी होते. पाण्याखाली कोणी एकटे उतरत नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असतो; त्याच्या नळकांड्यातली हवा तुम्ही पाहायची, तुमच्या नळकांड्यातली त्याने. आठ वर्षे माझी हवा त्यांनी पाहिली होती. पाण्याखालच्या खुणा हळूहळू आमच्या घरातही आल्या. तिथे अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे. ‘वर चल, आता पुरे’. पाहुणे फार रेंगाळले की दिवाकर टेबलाखालून मला अंगठा दाखवत.

पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या आमच्या गटात त्यांचा दरारा होता. नवीन माणूस आला की ते सोड्याची थंड बाटली मागवत, ती हलवून एकदम उघडत आणि बुडबुडे उसळून सांडू लागले की म्हणत, “हे तुझं रक्त. शेवटच्या बुडीनंतर एक पूर्ण दिवस जमिनीवर काढायचा. त्याच्या आत विमानात बसलास तर तुझी ही बाटली होणार.” कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या निदान तीसेक माणसांनी तो सोडा पाहिलेला आहे.

आणि आता गालापागोस. माझे आजोळ मालवणचे. लहानपणी सुट्टीत एका सकाळी किनाऱ्यावर लिलावासाठी मांडलेली कानमुशी मी पाहिली होती. शार्कच्याच जातीचा मासा, पण डोके हातोडीसारखे आडवे आणि दोन टोकांना दोन डोळे. वरच्या बाजूच्या डोळ्यात वाळू गेलेली होती. मामा म्हणाला, चल, त्यात काय बघायचं. मी मात्र कितीतरी वेळ उभी राहिले. इतका रुंद पाहणारा जीव पाण्यात कसा दिसत असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. पॅसिफिकमधल्या त्या उत्तरेकडच्या बेटांभोवती ऑगस्टमध्ये त्या शेकड्यांनी एकत्र फिरतात. बोटीवर आठवडाभर राहायचे आणि रोज उतरायचे. पाण्याचा ओढा तिथे फार जोरकस; माझा उजवा गुडघा आणखी किती वर्षे तो सोसेल, हे मला ठाऊक होते आणि दिवाकरांनाही. बोटीवरच्या दोन जागा श्रीपाद हुक्केरीने आमच्यासाठी धरून ठेवल्या होत्या.

श्रीपाद बेळगावचा दंतवैद्य. गटाचा सगळा कारभार तोच पाहतो. त्या रविवारी तो मुद्दाम गाडी काढून आला आणि पोह्यांची बशी हातात घेऊनच विषयाला भिडला.

“सर, शुक्रवारी मला बोटवाल्याला नावं कळवायची आहेत. तुमचं ते टेंडर उघडलं का?”

“बघतोय.”

“तीन महिने बघताय! एवढ्या वेळात माणूस चालत पोचला असता. वहिनी, तुम्ही तरी सांगा.”

“मला काय विचारता? मला आता आफ्रिकेतले सगळे विमानतळ तोंडपाठ आहेत.”

श्रीपादने मोबाइल काढून मार्ग दाखवला. मुंबईहून युरोप, युरोपहून थेट क्वितो, तिथे एक रात्र झोप, मग बेट. तो आणि मिरजेची शबनम मुल्लाणी याच विमानाने जाणार होते. भाडे दिवाकरांनी शोधलेल्या भाड्याच्या दुपटीहून वर होते, हे त्यानेच आधी सांगून टाकले.

दिवाकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खात्यातल्या बैठकीत ते असेच करत असावेत. “मला एक समजाव. जायला दोन दिवस, यायला दोन. त्यात पाण्याखाली माणूस राहणार किती? सगळ्या बुड्या एकापुढे एक मांडल्या तर एक दिवससुद्धा भरत नाही. त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची? एवढ्या खर्चात अंदमान दहा वेळा होतं.”

“अंदमानला ह्या मुश्या आहेत का?”

“मासे आहेत की.”

“सर, मासे रंकाळ्यातपण आहेत.”

मी मोठ्याने हसले. दिवाकरही हसले, पण किंचित उशिरा.

“खर्चाचं सोडा,” श्रीपाद बशी खाली ठेवत म्हणाला, “तुमच्याशिवाय आम्हांला धाकात कोण ठेवणार? मागे मला नुसती सर्दी होती तर सरांनी सगळ्यांच्या देखत माझा खाली जायचा वजनांचा बेल्ट काढून घेतला होता. दिवसभर उन्हात बोटीवर बसवलं. आणि वर म्हणाले, तुझ्या आईला फोन लावू का?”

“बरोबरच होतं ते,” मी म्हणाले.

“बरोबर होतं हो. म्हणून तर सांगतोय. चला.”

दिवाकर पोह्यांतला एकेक शेंगदाणा बशीच्या कडेला काढून ठेवत राहिले.

बुधवारी संध्याकाळी माझा बांध फुटला. मी कॉलेजातून प्रात्यक्षिकांच्या वह्या घेऊन आले होते. हात पाय धुऊन चहाला बसते तोच त्यांनी नैरोबी काढले. नैरोबीत विमानतळ बदलायचा होता, बसने.

“तुम्हांला यायचं नाहीये का?” मी विचारले.

“मी नाही कुठं म्हणतोय?”

“हो तरी कुठं म्हणताय? सरळ नाही म्हणा. परवडत नाही म्हणा, कंटाळा आला म्हणा, मृणाल तुझं हे खूळ आहे म्हणा. मी समजून घेईन. पण रोज सकाळी उठून मला हे देशोदेशींच्या बाकांवर झोपवणं बंद करा!”

“मी फक्त पर्याय मांडतोय.”

“पर्याय! तुम्ही खात्यात असताना कालवे असेच काढलेत का हो? तरीच पाणी पोचलं नाही.”

हे लागायला नको होते तिथे लागले. त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, “तू जाऊ शकतेस. शबनम आहे, श्रीपाद आहे.”

“मी एकटी?”

“एकटी कशी? जा की तू.”

तीस वर्षांच्या संसारात मला इतक्या सहजपणे कुणी कुठे जायला सांगितले नव्हते. मला तो अपमान वाटला. आपल्याला नको असलेली वस्तू माणूस दुसऱ्याच्या ताटात सारतो, तसे ते वाटले. मी वह्या उचलल्या आणि आतल्या खोलीत जाऊन वीस मुलांनी काढलेली नेच्याची तीच ती आकृती तपासत बसले. बाहेर टीव्हीवर बातम्या लागल्या. आवाज इतका मोठा होता, की मी दार ढकलून घेतले.

गुरुवारी सकाळी दूध उतू गेले नव्हते. गॅस त्यांनी वेळेवर बंद केला होता, आणि मी बाहेर येताच लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“हे बघ. आता तुला बोलायला जागा नाही. एकच थांबा, बाक नाही, नैरोबी नाही. भाडंही बरं आहे. जरा महाग आहे, पण बरं आहे.”

मी पाहिले. खरोखरच बरे होते. जायचे विमान सोयीचे होते. मी परतीचे पाहिले, मग चष्मा लावून पुन्हा पाहिले.

“अहो, बेटावरून शनिवारी दुपारी चारला निघायचं?”

“हो. म्हणून तर स्वस्त. रविवारचं फार महाग आहे.”

“आणि बोटीवरून उतरायचं कधी?”

“शनिवारीच. श्रीपादनं पाठवलंय ना सगळं. सकाळी बंदराजवळच्या खडकापाशी शेवटची बुडी, जेवण, की उतरायचं. विमानतळ जवळच आहे. आरामात पोचतो आपण.”

ते हे अगदी सरळपणे म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. सकाळी बुडी आणि दुपारी विमान. पहिल्यांदा मला आला तो नुसता संताप. भाडे वाचवायला हा माणूस आपल्या दोघांचा जीव धोक्यात घालायला निघाला आहे, असे माझ्या मनात आले आणि मी तसे म्हणायला तोंडही उघडले. पण ते खरे असणे शक्य नव्हते. ज्याने तीस जणांपुढे सोड्याची बाटली फोडली, तो हे विसरणार नाही. स्वतःचे नाव विसरेल, हे विसरणार नाही. शेवटच्या बुडीनंतरचे विमान असे तोच निवडील, ज्याच्या मनात त्या सगळ्या आठवड्यात बुडी कुठे नव्हतीच. पाण्यात उतरणारे पाय त्यांना आता दिसतच नव्हते; दिसत होती ती फक्त विमाने, तीन महिने मी नाकारावीत म्हणून मांडलेली आणि आजचे कालच्या भांडणावर उतारा म्हणून.

मोटर चालू होती. टाकी भरून पाणी गच्चीवरून सांडू लागले होते, मगदुमांच्या सूनबाई खालून “काकू, पाणी!” म्हणून ओरडत होत्या. दिवाकर लॅपटॉपकडे पाहत होते. त्यांना ती हाक ऐकू आलेली नव्हती.

मी जाऊन मोटर बंद केली. परत आले, आणि त्यांच्या समोर न बसता बाजूच्या खुर्चीवर बसले. डाव्या बाजूच्या.

“कुठला कान?” मी विचारले.

ते वळले नाहीत. मी उठून उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा विचारले.

लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला.

“डावा,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“नेत्राणीपासून. नोव्हेंबर.”

नेत्राणी म्हणजे मुरुडेश्वरजवळचे बेट. तिथे दुसऱ्या बुडीत ते अर्ध्यातून वर गेले होते. मुखवट्यात पाणी येते अशी खूण करून मला श्रीपादच्या स्वाधीन केले होते. त्यानंतरच्या दोन सहली त्यांनी मानेत चमक भरल्याचे सांगून टाळल्या होत्या, म्हणून मीही गेले नव्हते.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“आतल्या बाजूला इजा झालीय. गेलेलं परत येत नाही म्हणाले. पुन्हा खाली गेलो तर उरलंय तेही जाईल. विमानाला हरकत नाही. पाणी बंद.”

“पण झालं कसं? तुम्ही तर कान मोकळे केल्याशिवाय हातभरसुद्धा खाली जात नाही.”

त्यांनी चष्मा काढला. या वेळी तो टेबलावर ठेवला नाही, हातातच धरून बसले.

“सर्दी होती,” ते म्हणाले. “दोन दिवसांपासून होती. सकाळी गोळी घेतली आणि उतरलो. कान मोकळा होईना, तर जोर केला.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “श्रीपादला सांगू नकोस.”

मला त्यांच्याविषयी काय वाटायला हवे होते ते मला आज कळते. त्या क्षणी मी फक्त चिडले होते. आठ वर्षे मी त्यांच्या नळकांड्यावरचा काटा पाहिला होता, आणि ते माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी, ऐकू येत नाही म्हणून खुर्ची बदलून बसले तर मला उजेडाची सबब सांगितली गेली होती आणि ती मी मानली होती.

“मला सांगता आलं नसतं?”

“तू गेली नसतीस.”

“आणि साओ पाउलोच्या बाकांमुळे गेले असते?”

“नाही,” ते म्हणाले. “त्या बाकांमुळे तू आपणहून नको म्हणाली असतीस. मग कुणामुळे राहिलं, हा प्रश्नच आला नसता.”

“म्हणजे निर्णय माझा, आणि कारण एअरलाइनचं. वा!”

“ओरडू नकोस. एवढं ऐकू येतं मला.”

मला हसू येत होते आणि ते येऊ द्यायचे नव्हते. मी विचारले, “बोटीवर नुसतं येऊन बसला असतात तर? किनाऱ्यावर फिरला असतात. पक्षी आहेत, कासवं आहेत.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “तू पाण्यात उडी मारणार आणि मी वरून तुझे बुडबुडे बघत बसणार. ते मला जमायचं नाही, मृणाल. घरी बसेन. घरी काही दिसत नाही.”

माझी नऊची तासिका होती. मी न जेवता गेले. नेच्याच्या बीजाणूंबद्दल त्या दिवशी मी काय शिकवले ते मला आठवत नाही. एवढे आठवते, की एका मुलीने शंका विचारली आणि मी तिला उगीचच झापले. दुपारी प्रयोगशाळेत बसून मी दोन्ही बाजूंनी विचार केला. मी गेले नाही, तर आयुष्यभर दिवाकर स्वतःला त्याचे कारण समजतील. गेले, तर आठ वर्षांत पहिल्यांदा सगळा आठवडा माझी हवा दुसरे कुणी पाहील, आणि तो आठवडा ते या टेबलाशी एकटे काढतील. यांतले कोणते त्यांना अधिक सोसवेल, याचे उत्तर खरे तर त्यांनी बुधवारीच दिले होते आणि मी ते अपमान म्हणून ऐकले होते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ते वाटाणे सोलत बसले होते. मी पर्स खाली ठेवली, त्यांच्या समोरच बसले आणि त्यांना न विचारता श्रीपादला फोन लावला. स्पीकर सुरू ठेवला.

“श्रीपाद, बोटीवरची एकच जागा पक्की करा. माझी. शबनमची जोडी मला द्या.”

“आणि सर?”

दिवाकरांचे हात थांबले. हातातली शेंग अर्धी उघडलेली होती.

“सर येत नाहीत,” मी म्हणाले. “त्यांच्याच्यानं एवढं भाडं देववत नाही.”

पलीकडून श्रीपादचे ते बेळगावी गडगडाटी हसू आले. “हे मला ठाऊकच होतं! वहिनी, एवढं पेन्शन घेऊन हा माणूस करतो काय? बरोबर बांधून नेणार आहे का? सरांना सांगा, त्यांचं एक तिकीट आम्ही वर्गणी काढून काढतो.”

“नको,” मी म्हणाले. “मग ते वर्गणीतलं उरलेलं परत मागतील.”

तो आणखी हसला. फोन बंद झाला. गटात तेव्हापासून त्यांचे नाव कंजूष म्हणून पडले. दिवाळीला फराळाचे डबे येतात त्यांवर अजून काहीतरी चिकटवलेले असते, लग्नाकार्यात कोणीतरी त्यांच्या खिशावरून बोलतेच. ते नुसते ऐकून घेतात. मीही काही बोलत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. मग ओले हात पंच्याला पुसले, आतून लॅपटॉप आणला, उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. हिस्टरी पुसली नाही. वाटाण्यांचे पातेले घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, आणि फोडणीचा वास बाहेर येऊ लागला.

मी श्रीपादने सांगितलेले विमान काढले. भाडे खरोखर फार होते. परतीचा वार सोमवार केला. शनिवारी सकाळी शेवटची बुडी, रविवार सगळा जमिनीवर. प्रवाशांच्या चौकटीत आधीच दोनचा आकडा होता. मी तो बदलून एक केला, माझे नाव पासपोर्टावर आहे तसे लिहिले, पैसे भरले, आणि ताटे घ्यायला उठले.